जुना परदेशी मॅसी ३५ ट्रॅक्टर घ्यावा की देशी मॅसी १०३५?

निपाणी_ऊस: इंग्लंडहून आलेला जुना डिझेल मॅसी ३५ बघून ठेवलाय. त्याच भावात देशी १०३५ पण मिळतोय. काम नांगरटीचं आणि ट्रॉलीचं, रोटाव्हेटर नाही. परदेशी गाडी तापल्यावर बंद केली की लवकर चालू होत नाही. मालक म्हणतो बॅटरी डाऊन आहे. सामान मिळेल का?

पंप_नोझल: बॅटरी नव्हे ओ. थंड असताना एका फिरकीत चालू आणि तापल्यावर स्टार्टर नुसता फिरतो, म्हणजे इंजिनाला दाबानं डिझेल देणारा पंप झिजलाय. ३५ला सीएव्ही कंपनीचा डीपीए रोटरी पंप असतो, आत फिरणारा रोटर दाब देतो. त्याच्या आतल्या भागांना वंगण फक्त डिझेलचं. डिझेलात पाणी किंवा रॉकेल आलं की रोटरवर ओरखडे पडतात, मग तापून पातळ झालेलं डिझेल निसटतं आणि स्टार्टरच्या फेऱ्यांवर दाब तयार होत नाही. अर्धा तास चालवून बंद करा. उचलेना झाली की पंपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटं थांबा. मग उचलली तर हेड-रोटरची (रोटर आणि तो ज्यात फिरतो तो भाग) जोडीच बदलायची, ते पैसे भावातून आधी काढा. चालू इंजिनात पंपावर गार पाणी ओतू नका, रोटर जाम होतो. देशी गाडीला मायको कंपनीचा इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या) असेल तर ही भानगड कमी, त्याच्या कॅमला खाली वेगळं ऑइल असतं.

उद्यमबाग_लेथ: आधी सिलिंडर मोजा. १९५९च्या आधीच्या चार सिलिंडरवाल्याच्या नादी लागू नका, थंडीत चालू करायला नवस बोलावा लागतो. तीन सिलिंडरचं पर्किन्स कंपनीचं ३.१५२ इंजिन (३ सिलिंडर, १५२ क्युबिक इंच) असेल तर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ९१.४ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल १२७. चेन्नईच्या सिम्पसन कंपनीनं पर्किन्सचीच इंजिनं इथं बनवली, म्हणून बरंच सामान मिळतं. पण पर्किन्सच्याच १४४ क्युबिक इंचवाल्या इंजिनाचा बोअर ८८.९ आहे. दुकानात "मॅसीचा पिस्टन द्या" म्हणू नका, मापून न्या.

खरा वैताग बोल्टांचा. जुन्या इंग्लिश गाडीला अर्धा इंची बोल्ट, इंचाला १३ किंवा २० आटे. तिथं कुणीतरी १२ एमएमचा ठोकलेला असतो. बसल्यासारखा वाटतो, ताण आला की आटे घेऊनच बाहेर.

खानापूर_भात: मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टचं कुणीच बोललं नाही. ३५चा हायड्रॉलिक पंप मागच्या हाऊसिंगमध्ये, गिअरच्याच ऑइलात बुडालेला. चिखलणीला वापरलेली गाडी असेल तर पाणी आत जातं, ऑइल दुधाळ होतं आणि व्हॉल्व्ह अडकतो. रात्रभर उभ्या गाडीचा ड्रेन प्लग हळूच ढिला करा. आधी पाणी आलं तर कळलंच.

निपाणी_ऊस: तीन सिलिंडरच आहे. उद्या फडकं घेऊन जातो.

पंप_नोझल: पाना पण न्या. सकाळी गाडी चालू करायच्या आधी ड्रेन प्लग, फडकं नंतर.