न वाजणारी गिटार विकून टाका म्हणे!

तारकट

परवा 'सुटसुटीत' यांनी घर आवरण्यावर लिहिलं. जुनी भांडी, न होणारे कपडे, कॉलेजच्या वह्या, इथवर मान डोलावत वाचलं. शेवटी मात्र ठोकून दिलंय, "वर्षभर न वाजवलेलं वाद्य म्हणजे फर्निचर. विका. आठवण हवी तर फोटो काढून ठेवा."

फोटो!

माझी स्ट्रॅट (स्ट्रॅटोकॅस्टर, इलेक्ट्रिक गिटार) जपानी आहे, फेंडर कंपनीचीच. मावसभाऊ मर्चंट नेव्हीत होता, त्याने १९९३ साली योकोहामाला सेकंडहँड घेऊन आणली. त्याआधी माझ्याकडे एक देशी कॉपी होती. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारा इतक्या वर की खालून उंदीर गेला असता. एफचा बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून, धरला की मनगट भरून यायचं आणि तरी दोन तारा मुक्याच. चार वर्षं मी समजत होतो की आपली बोटंच ढ. ही हातात आली आणि एफ पहिल्या फटक्यात वाजला. सगळ्या सहा तारा. ढ मी नव्हतो, हे त्या संध्याकाळी कळलं. आता ह्याचा फोटो कुठल्या कोनातून काढू, तेवढं सांगा.

पहिल्या तीन फ्रेटांवर खळगे पडलेत. ते गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचे, रात्री दहाचा नियम यायच्या आधीचे. तीन वर्षं वाजवलेली नाही, कबूल. उजवा खांदा धरलाय. म्हणून विकू?

सुटसुटीत

अहो, मी 'फर्निचर' लिहिलं, 'सरपण' नाही. एवढं लागायला काय झालं?

आमचं घर ४२० फुटांचं, माणसं पाच. आठवणींना भाडं लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांची घरं मोठी असतात. आणि पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिलमोरने काय केलं? २०१९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात काळी स्ट्रॅट विकली, ३९ लाख ७५ हजार डॉलरला. सगळ्या लिलावाचे पैसे हवामानाच्या कामाला दिले. त्याला काय आठवणी नव्हत्या? तुमचीच तेवढी गणपतीतली मोठी?

तारकट

त्याच गिटारची हुबेहूब नक्कल फेंडरने २००८ लाच बाजारात आणली होती. तो उद्या दुकानातून दुसरी आणेल. माझ्या नावाचं मॉडेल अजून निघायचंय, निघालं की विकतो.

सोल्डरवाला

दोघांनाही एक विचारतो. त्या काळ्या स्ट्रॅटची नेक (मान) कितीदा बदलली, तारांचा आवाज पकडणारे पिकअप बदलले, सूर थरथरवणारा ट्रेमोलो काढून परत बसवला. मग लिलावात नेमकं विकलं काय? आजीचा पाटा-वरवंटा म्हणायचं, वरवंटा काकूने बदलला, पाटा आईने, तरी आजीचाच!

तारकट, खळगे म्हणजे आठवणी नव्हेत. वेळेवर फ्रेटांची देखभाल न केल्याची पावती आहे ती. फ्रेट घासून लेव्हल करून घ्या, जास्तच खोल असतील तर रीफ्रेट, म्हणजे नवे फ्रेट. माझ्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्या गिटारला मालकाचं 'प्रेम' असतं आणि तारा गंजलेल्या असतात. किनाऱ्याजवळच्या घरांत एक पावसाळा पुरतो.

मेपलभक्त

रीफ्रेट खुशाल करा, पण गिटार सोडू नका. तीस वर्षांत लाकूड मुरतं. ओल जाते, आवाज खुलतो. नव्या गिटारला ते येणं नाही.

सोल्डरवाला

लोणचं मुरतं. त्या काळच्या जपानी स्ट्रॅटवर पॉलीचा (प्लास्टिकसारख्या वॉर्निशचा) जाड थर आहे, आतलं लाकूड आवळून गुंडाळलेलं. आणि पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि तांब्याचं वेटोळं. त्याला पोलादी तार हलताना कळते, लाकूड नाही.

मेपलभक्त

मग तार कशावर ताणलीय, हवेवर? लाकूड जशी दाद देईल तशी तार हलणार. असं असेल तर सनमायक्याची करा की गिटार!

सोल्डरवाला

केलीय. डॅनइलेक्ट्रोने पन्नासच्या दशकात हार्डबोर्डच्या केल्या, वर लिपस्टिकच्या नळीत पिकअप. आज लोक त्याच आवाजामागे वेडे आहेत. पुढचा प्रश्न?

मेपलभक्त

तो वेगळा आवाज आला, तो हार्डबोर्डमुळेच! स्वतःच्याच तोंडाने सिद्ध केलंत.

सोल्डरवाला

पिकअपमुळे. पि-क-अ-प.

पेटीमास्तर

लाकूडतोडे हो, जरा बाजूला व्हा.

मला वेगळंच खटकतंय. गेली पंचवीस वर्षं मी पेट्या दुरुस्त करतो. गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीडच्या (सूरपट्ट्यांच्या), कान तृप्त करणाऱ्या पेट्या लोक मला रद्दीच्या भावात आणून देतात. "वडिलांची आहे, कोणी वाजवत नाही, जागा अडते." त्या पेटीसाठी कोणी कधी धागा काढला नाही. गिटार मात्र लगेच 'ती', तिला भावना. तारकट, रागावू नका, पण गिटार यायच्या आधी तुमच्या घरात काय वाजत होतं?

तारकट

रागावलोय.

पेटीच होती. बाबांची. मावसभावाचे पैसे चुकते करायला साडेतीन हजार कमी पडत होते. मी मागितले नव्हते. एका रविवारी क्लासहून आलो तर कोपरा रिकामा. बाबा म्हणाले, सूर उतरले होते रे, भाताही फाटला होता.

भाता फाटलेला नव्हता. आदल्या गुरुवारी भजनाला त्यांनी ती वाजवली होती, झांजा माझ्याकडे होत्या.

मेपलभक्त

सोल्डरवाला, तुम्ही बासवूडच्या आणि अ‍ॅशच्या लाकडाची गिटार, एकच पिकअप घालून, एकापाठोपाठ एक ऐकलीय का कधी? हो की नाही?

पेटीमास्तर

अहो, जरा थांबा की!

मेपलभक्त

वरचं आत्ता वाचलं. माफ करा. (प्रश्न तसाच आहे.)

वसईकर

विकायची ठरली तर आधी मला सांगा. रोख देतो. सनबर्स्ट रंगाची आहे का?

सोल्डरवाला

धन्य आहे.

सुटसुटीत

बरं. पेटीचं मला माहीत असायचं कारण नव्हतं. तुमची गिटार यादीतून वगळली, मेपलभक्तांची नाही. माझ्या नियमात एक ओळ घालतो: 'दुसरं काही विकून घेतलेलं सोडून.' मात्र अशाने आमच्या घरातलं काहीच निघणार नाही, हेही लक्षात घ्या. आईच्या बांगड्या मोडून घेतलेला फ्रिज अजून आहे. बंद आहे.

पेटीमास्तर

तारकट, माझं बोलणं लागलं असेल. लागू दे थोडं. वडिलांनी पेटी दिली ती गिटार वाजावी म्हणून, कपाटावर आडवी पडावी म्हणून नाही. खांदा धरला तर बसून वाजवा. आम्ही जन्मभर बसूनच वाजवतो.

तारकट

स्वतः कधी तासभर इलेक्ट्रिक मांडीवर घेऊन बसलात तर बोला. उपदेश नकोय.

तारकट

(दोन दिवसांनी.) काढली खाली. गिटारची केस उघडताच बुरशीचा वास. पहिली तार पिरगळताना तुटली, बाकीच्या काळ्या पडल्यात. अँपला लावली तर व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचं बटण) पापड भाजल्यासारखा खरखरतो. मुलगी म्हणाली, बाबा, एफ दाखवा. दाखवला. पाच तारांवर. सोल्डरवाला, पॉट बदलू का?

सोल्डरवाला

लगेच नका बदलू. आधी शून्यापासून दहापर्यंत पन्नासेकदा फिरवा. नाही गेली खरखर तर पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पट्टी) उघडून पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जपून. तारा ००९ च्या, बारीक, घाला, खांद्याला बऱ्या. आणि फ्रेटांना हात लावू नका सध्या. राहू द्या खळगे.

मेपलभक्त

पिकगार्ड उघडणारच आहात तर पिकअपच्या खाचेत, जिथे रंग पोचला नसेल तिथे, लाकूड कुठलं ते बघून सांगा.