मदत हवी आहे: वेल्डिंग जनरेटर आयडलवर टिकत नाही

मंडळी, मी तासगाव भागात द्राक्षबागांच्या मांडवाचे अँगल जागेवर जाऊन वेल्डिंग करतो. पावसाळाभर जनरेटरच्या टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, ती चूक माझीच. आता आयडलवर (लोड नसताना, मंद गतीवर) रेस सारखी वरखाली होते आणि दोन मिनिटांत बंद पडतो. अर्धा चोक ओढून हवा कमी केली की एकसारखा चालतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जादा हवा ओढतोय. वेल्डिंगचा रॉड टेकवून लोड दिला की मात्र ३००० आरपीएम व्यवस्थित धरतो.

कार्बोरेटरचा बाउल (पेट्रोल साठणारी खालची वाटी) उघडला तर तळाशी हिरवट, चिकट थर. तो धुतला, मेन जेटही साफ केला. आयडलला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक इतकं बारीक की तार घालायला हात धजत नाही. रेस आपोआप सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग हलवलेली नाही.

पायलट जेट कुणी घरी साफ केलाय का? की हवा तिथूनच ओढत असेल म्हणून आधी कार्बोरेटरचं गॅस्केट बदलू? फळछाटणी तोंडावर आलीय, शेतकरी खोळंबलेत.