शब्दचर्चा: ‘शेल स्टिच’ला काय म्हणायचं? शिंपला, पंखा की शेलच?

आकडीवाली
क्रोशा शिकायला लागून दीड महिना झाला. साखळी जमली, खांब (उभा टाका) जमला, म्हणून धीर करून शेल स्टिचच्या, म्हणजे एकाच जागेतून पसरणाऱ्या खांबांच्या, नक्षीचा जाळीदार स्टोल घेतलाय. आमच्या बिल्डिंगमधल्या तिघीजणींना तोच करायचाय, पण इंग्रजी कृती वाचायचा त्यांना कंटाळा. म्हणून मराठीत लिहून द्यायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. मोबाइलवरच्या भाषांतरानं ‘शेल स्टिच’चं केलं ‘कवच टाका’. शेजारच्या काकू वाचून म्हणाल्या, “टाकते गं, पण कुठे टाकू?”
त्यांचं काय चुकलं? ‘टाका’ म्हणजे सुईचाही आणि ‘टाकून द्या’मधलाही. पुढे ‘त्याच टाक्यात पाच खांब’ असं लिहिलं, तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्याचं बांधकाम वाटतंय. काय लिहू?

उलटसुलट
मी दोन सुयांवर विणणारी, क्रोशात पाहुणी. पण टाक्याची अडचण आमच्याकडेही आहे, आणि आईनं ती केव्हाच सोडवलेली. ती टाके कधी ‘टाकत’ नसे. टाके घालायचे, वाढवायचे, कमी करायचे, शेवटी बंद करायचे. कृतीत सगळीकडे ‘घाला’ लिहा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.
‘कवच’ मात्र खोडा. इंग्रजीत शंखालाही शेल, शिंपल्यालाही शेल, कासवाच्या पाठीला शेल, अंड्याच्या टरफलालाही शेल. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, त्यामुळे आधी वस्तू कशी दिसते ते पाहायला हवं. शंख पिळाचा असतो, तो बाद. खाली एका बिंदूतून निघून वर पसरणाऱ्या रेघा आणि वरची गोल कड दिसते ती शिंपल्याला.

खाडीपलीकडे
शिंपल्याला माझं मत, फक्त आमच्या घरात बोलताना जपून. “आज वीस शिंपले झाले” असं म्हटलं तर सासूबाई नारळ खवायला घेतील. (खायच्या शिंपल्यांना आम्ही तिसऱ्या म्हणतो, पण आशा सुटत नाही.)
आणि ‘शिंपली’ नको. ती चिमुकली वाटते.

मावशीचा रुमाल
आमच्या मावशीकडे याच वीणीला ‘पंखा’ म्हणत. टीपॉयवरचा रुमाल, रेडिओवरचं झाकण, ताटावरचा रुमाल, सगळ्यांच्या कडेला पंखे. ती न पाहता घालायची, बोलणं आणि विणणं एकाच वेळी. शिंपला हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. चालू शब्द असताना नवा कशाला?

उलटसुलट
पंखा खोटा नाही, पण मग फॅन स्टिचला काय म्हणणार? इंग्रजीतही शेल आणि फॅन यांची सरमिसळ होते हे खरं. तरी मी सोय म्हणून असं करेन: खांब एकमेकांना चिकटून भरीव दिसले तर शिंपला, मध्ये साखळ्या घालून काड्या सुट्या दिसल्या तर पंखा. हातपंख्याच्या काड्या आठवा.

आकडीवाली
हे पटलं! म्हणजे माझा स्टोल शिंपल्यांचा नाही, पंख्यांचा. मी पाच खांबांच्या मध्ये एकेक साखळी घालतेय.
आता माझी फजिती सांगते. कृती ब्रिटिश होती, व्हिडिओ अमेरिकन. कृतीत ‘ट्रेबल’ हा टाका लिहिलेला, म्हणून व्हिडिओतला ट्रेबल घातला. पंखे असे लंबेलांब आणि ढिले झाले की दोन वीत विणलेलं उसवावं लागलं.

सैल वीण
हा खड्डा सगळ्यांच्या वाटेत आहे. अमेरिकन ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’. अमेरिकन ‘सिंगल’ म्हणजे ब्रिटिश ‘डबल’. आजच्या ब्रिटिश नावांत सिंगल क्रोशे येत नाही, त्यामुळे कृतीत ‘सिंगल’ दिसला की ती सहसा अमेरिकन समजायची.
मला म्हणूनच मराठी नावं आवडतात. आमच्या क्लासमध्ये बाईंनी शिकवलं ते असं: सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता होतो तो मुका खांब. एक वेढा घेऊन दोन-दोन फास दोनदा सोडवले की खांब. एक वेढा, पण तिन्ही फास एकदम सोडवले की अर्धा खांब. दोन वेढे घेतले की जोडखांब. तुमच्या पंख्यात जोडखांब पडले, हवे होते साधे खांब.
(क्लासमध्ये पहिल्या दिवशी “आता एक मुका घाला” म्हटल्यावर जे हसू फुटलं, त्यात अर्धा तास गेला.)

मावशीचा रुमाल
मावशीचा ‘मुका’ म्हणजे नुसता सरकवून जोडायचा टाका, स्लिप स्टिच. म्हणजे मराठीतही घरोघरी घोळ आहेच. कृतीच्या वर दोन ओळींत कोणता खांब कसा घालायचा ते लिहा, मग नाव काहीही असो.

खाडीपलीकडे
इंग्रजी कृतीतल्या ‘लेसी’ला जाळीदार लिहू नका असं सुचवेन. जाळी म्हटलं की मला चौकोनी घरं दिसतात, दारावरच्या तोरणातली, ज्यात मोर आणि ‘सुस्वागतम्’ विणतात. पंख्यांच्या वीणीला ‘झिरझिरीत’ म्हटलं तर?

सैल वीण
झिरझिरीत कापड असतं, मलमलीसारखं. पोत सांगायला ठीक. वीणीचं नाव म्हणून मी ‘मोकळी वीण’ म्हणेन. ‘सैल’ म्हणू नका, तो दोष झाला. माझं टोपणनाव उगाच नाही.

उलटसुलट
जाता जाता: पंख्याच्या टोकावर तीन साखळ्यांची टिकली काढतात तिचं नाव ‘पिको’, आणि साडीला करतो तोही पिकोच. शब्द एकच, फ्रेंच. क्रोशाही तिथलाच, अर्थ लहान आकडा. दुकानात पिको म्हणजे मशीनची कड, क्रोशात म्हणजे हातानं काढलेलं टोक, तेव्हा तेही वर लिहून टाका. (घालून नव्हे.)

आकडीवाली
सगळं धरून हा मसुदा. आधी भरीव शिंपला, हात बसण्यासाठी:
‘साखळ्या ६ च्या पटीत, वर २. (तीन शिंपल्यांना २०.) सुईपासून दुसऱ्या साखळीत १ मुका खांब. * २ साखळ्या सोडा, पुढच्या एकाच साखळीत ५ खांब घाला, २ साखळ्या सोडा, पुढच्या साखळीत १ मुका खांब. * पासून पुन्हा. दुसरी ओळ: उलटवा, ३ साखळ्या (हा एक खांब धरा), त्याच घरात २ खांब. मग शिंपल्याच्या मधल्या खांबावर १ मुका खांब, पुढच्या मुक्या खांबावर ५ खांब, असं शेवटपर्यंत. शेवटच्या मुक्या खांबावर ३ खांब.’
पंख्यांसाठी पाच खांबांमध्ये एकेक साखळी, म्हणून दोनऐवजी तीन-तीन साखळ्या सोडायच्या आणि पट ८ चा घ्यायचा. नाहीतर कडेला झालर पडते, तीही करून झाली.
‘टाक्यात’ गाळून ‘घरात’ केलंय. काकूंना वाचून दाखवलं, कुठे अडल्या नाहीत. फक्त दुसऱ्या ओळीच्या दोन्ही टोकांना तीन खांबांचा जो अर्धा शिंपला येतो, त्याला काय म्हणू?

खाडीपलीकडे
उघडलेली तिसरी.