मदत हवी आहे: जुन्या रेसिंग सायकलची उजवी वाटी निघत नाही (सिंगल स्पीड करायची आहे)

पडवीतली सायकल

नमस्कार मंडळी. मालवणातून लिहितोय.

धाकटे काका बोटीवर होते. त्यांनी १९७६-७७च्या सुमारास कुठल्याशा बंदरातून आणलेली रेसिंग सायकल इतकी वर्षं आमच्या पडवीत वाशाला टांगलेली होती. लहानपणी तिला हात लावायची बंदी, मोठेपणी हात लावावासाच वाटेना. गेल्या महिन्यात खाली काढली. फ्रेम स्टीलची, दोनदा रंगवलेली, नावगाव पुसलेलं. गंज वरवरचा आहे, नळ्यांवर टिचकी मारली की आवाज स्वच्छ येतो. मागे पाच चकत्यांचं फ्रीव्हील, पण गिअरची सगळी मंडळी खाऱ्या हवेने जाम. म्हणून ठरवलं की ते सगळं उतरवायचं आणि सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, करायची. मागच्या चाकाच्या खाचा आडव्या आहेत, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येईल. सकाळी तारकर्लीपर्यंत जाऊन यायचं, एवढीच हौस.

अडलंय ते बॉटम ब्रॅकेटपाशी (बीबी, म्हणजे पॅडलचा अ‍ॅक्सल ज्यात फिरतो तो भाग; दोन्ही बाजूंना आट्यांच्या वाट्या असतात). क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, कॉटर पिनांनी बसवलेले. खालून लोखंडी पाइपचा टेकू देऊन, वरून हातोडा मारून पिना काढल्या. एक सरळ निघाली, एक वाकून. डावीकडची लॉकरिंग आणि वाटी दोन तासांत सुटली. आतून जे बाहेर पडलं त्याला ग्रीस म्हणायचं की काकवी, मला ठरवता येईना. अ‍ॅक्सलवर छर्रे फिरतात तिथे खड्डे पडलेत, नखाला लागतात.

उजवी वाटी मात्र हलायला तयार नाही. आमच्याकडचे मेकॅनिक म्हणतात, “उजव्या बाजूक उलटेच आटे असतत. चाळीस वर्सां ह्याच करतंय, माका शिकवू नको.” त्यानुसार तीन दिवस घड्याळाच्या दिशेने जोर लावतोय. पान्याला चार फुटी पाइप लावला, तर पाना घसरला आणि माझ्या बोटांची सालं निघाली.

प्रश्न दोन. वाटी काढायची कशी? आणि नवीन सीलबंद बीबी कुठल्या लांबीचा घेऊ?

घाटमाथा

मेकॅनिक बरोबर सांगतायत. उजवीकडे उलटे आटे, घड्याळाच्या दिशेने सुटतात. डिझेल सोडा, रात्रभर ठेवा, ब्लोलँपने शेल (वाट्या बसतात ती फ्रेमची आडवी नळी) गरम करा आणि पाइप सहा फुटी घ्या. निघणार नाही तर जाईल कुठे.

छर्रेवाला

थांबा! सहा फुटी पाइप लावू नका आणि ब्लोलँपही पेटवू नका.

आधी तीन गोष्टी कळवा. शेलची रुंदी व्हर्निअरने मोजा, फ्रेमच्या कडेपासून कडेपर्यंत, वाट्या सोडून. डावी वाटी रॉकेलने धुवा आणि तिच्यावर काही कोरलंय का बघा. आणि उतरवलेल्या गिअरवर कुठलं नाव आहे?

उलटे आटे हा काही निसर्गनियम नाही. आपल्याकडे जवळजवळ सगळ्या सायकली इंग्लिश मापाच्या, त्यामुळे आपल्या मेकॅनिकांच्या हाताला तीच सवय. इंग्लिश म्हणजे १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, शेल ६८ मिमी, उजवीकडे उलटे. इटालियन म्हणजे ३६ मिमी व्यास, शेल ७० मिमी, दोन्हीकडे सुलटे. बोटीवरून आलेली सायकल म्हटल्यावर ती कुठल्या देशाची हे आधी बघायला हवं होतं.

पडवीतली सायकल

शेल बरोबर ६८. वाटी धुतली तर खरंच अक्षरं निघाली: ३५ × १. मागचा गिअर काळ्या प्लास्टिकचा आहे, त्यावर सिम्प्लेक्स लिहिलंय. प्लास्टिकचा बघून मी तो भंगारात टाकणार होतो.

छर्रेवाला

टाकू नका, जुन्या सायकली जमवणारे त्याला विचारतात. प्लास्टिक म्हणजे डेल्रिन. सिम्प्लेक्स फ्रेंच कंपनी, आणि ३५ × १ म्हणजे ३५ मिमी व्यास, १ मिमीचा आटा. तुमची सायकल फ्रेंच मापाची आहे.

आता मेख अशी की ३५ × १ दोन पद्धतींत येतं. फ्रेंच पद्धतीत दोन्ही बाजूंना सुलटे आटे. स्विस पद्धतीत मापं तीच, पण उजवीकडे उलटे. काही फ्रेंच कंपन्यांनी नंतर स्विस पद्धत घेतली. डावी वाटी दोन्हींत सारखीच, त्यामुळे तिच्यावरून उजवीकडचा निकाल लागत नाही.

पण शेल तर आता आतून रिकामा आहे ना? मग टॉर्च लावा आणि डावीकडून आत बघा. उजव्या वाटीच्या अलीकडे शेलचे दोन-तीन आटे उघडे दिसायला हवेत. दाभण घ्या. आधी डावीकडच्या खाचेत टोक ठेवून घड्याळाच्या दिशेने एक फेरी मारा. टोक तुमच्यापासून लांब, आत सरकेल. हे सुलटे आटे, तुमच्या माहितीचे. मग जागेवरून न हलता उजवीकडच्या उघड्या खाचेत तसंच करा. तिथेही टोक लांब गेलं तर उजवीकडचेही सुलटे. तुमच्याकडे आलं तर उलटे. उतार नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, एका फेरीत जेमतेम एक मिमी सरकतं. म्हणून दाभण.

घाटमाथा

हे नवीन कळलं. मी पाइप मागे घेतो.

पडवीतली सायकल

आईचं गोधडीचं दाभण घेतलं. खाचेत राख भरल्यासारखी घाण होती, ती आधी टूथब्रशने काढली. डावीकडे टोक आत गेलं. उजवीकडे हात अवघडतो, तीनदा खाच सुटली. चौथ्यांदा पूर्ण फेरी झाली आणि टोक लांब जाऊन वाटीच्या कडेला टेकलं. खात्रीसाठी आणखी दोनदा केलं. तेच.

म्हणजे तीन दिवस मी ती वाटी आवळत होतो.

खाडीकाठ

आवळलीत ती आवळलीत, शेलचे आटे शाबूत आहेत हे नशीब. आता हातातला पाना विसरा. त्या वाटीला समोरासमोर दोनच सपाट बाजू, त्याही पातळ. पाना पुन्हा घसरणार. वाटीच्या त्या सपाट बाजू मोठ्या शिकंज्यात धरा आणि अख्खी फ्रेम फिरवा. फ्रेमइतका लांब दांडा दुसरा कुठला मिळणार?

फ्रेम वर, वाटी खाली. वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. समजा बाटली उलटी करून तिचं बूच शिकंज्यात धरलंय, तर बाटली जशी फिरवाल तशी फ्रेम. शिकंजा मात्र दणकट आणि टेबलाला नीट बोल्ट केलेला हवा. घरगुती शिकंज्यासकट टेबल फिरलेलं मी पाहिलंय. टेबल माझंच होतं.

पडवीतली सायकल

झालं! सर्जेकोटला बंदराजवळ ट्रॉलरच्या इंजिनांची कामं करणारं एक वर्कशॉप आहे. तिथला शिकंजा माझ्या मांडीएवढा. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं होतं. दोघांनी फ्रेम धरली, एकाने मागून, एकाने पुढून. पहिल्या जोराला काही नाही. दुसऱ्याला सुक्या नारळाची करवंटी फुटावी तसा आवाज झाला. मला वाटलं फ्रेम गेली. पण वाटी सुटली होती. पुढचे आटे हाताने फिरले.

आमचे मेकॅनिकही बघायला आले होते. त्यांनी वाटी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “ह्या सायकलीचो बापूस खयचो?” म्हटलं, फ्रान्सचा. “मगे ता आधी सांगूचा नाय?”

आता वाट्या दोन्ही बाहेर, दोन्हींत खड्डे. पुढे काय? बाजारात मिळतो तो साधा इंग्लिश मापाचा सीलबंद बीबी चालेल का? ३५ आणि १.३७ इंचात असा कितीसा फरक असणार?

छर्रेवाला

फरक नेमका तेवढाच आहे जेवढ्याने फसगत होते. १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिमी. इंचाला २४ आटे म्हणजे एक आटा १.०६ मिमीचा, तुमचा १ चा. दोन-तीन आटे वाटी छान जाईल, तुम्हाला वाटेल बसली. मग आवळेल. जोर केलात तर शेलचे आटे कातून जाईल आणि तरीही ढिली राहील.

शेलमध्ये ३६ मिमीचे इटालियन आटे पाडून घेणं हा एक उपाय आहे, पण ते हत्यार मालवणात कुणाकडे असेलसं वाटत नाही. शिवाय शेलचं धातू एकदा कातलं की परत येत नाही. लेथवाल्याकडून वाट्याच करून घ्याव्यात असं सुचेल, सुचू देऊ नका. छर्रे फिरतात तो भाग कडक केलेला लागतो, नाहीतर एका पावसाळ्यात पुन्हा खड्डे.

मी तुमच्या जागी असतो तर आट्यांशिवाय बसणारा सीलबंद बीबी मागवला असता. तो शेलच्या आट्यांना विचारतच नाही, दोन्ही बाजूंनी आत घालून आवळला की शेलला धरून बसतो. मूळचे आटे तसेच राहतात. उद्या फ्रेंच वाट्या मिळाल्याच तर परत लावता येतील.

त्या बीबीला चौकोनी टोकाचा अ‍ॅक्सल असतो, म्हणजे कॉटरचे क्रँक बाद. नवा क्रँक आधी ठरवा, अ‍ॅक्सलची लांबी क्रँकवरून ठरते. लोक उलट करतात आणि मग चेन तिरकी का म्हणून विचारतात.

खाडीकाठ

आणि जुन्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बीएमएक्सचं सिंगल फ्रीव्हील चढवू नका. तिथेही हाच घोळ. फ्रेंच हबचे आटे ३४.७ × १, बाजारातलं फ्रीव्हील इंग्लिश मापाचं. सरळ सिंगल स्पीडचं हब घेऊन चाक बांधा. पाच चकत्यांच्या काळातल्या फ्रेमला मागे १२० मिमी जागा असते आणि सिंगल स्पीडची बरीच हबं १२०चीच येतात. फ्रेम वाकवायला नको.

पडवीतली सायकल

तीन आठवड्यांनी येतोय. मागची जागा मोजली, १२०. हब घेतलं, चाक कुडाळला बांधून घेतलं. मित्राकडून जुना दोन चकत्यांचा रोड क्रँक मिळाला, त्यावर बाहेरच्या बाजूला ४२ दात्यांची एकच चकती ठेवली. आट्यांशिवायचा बीबी ११० लांबीचा आला, बसला.

आता नवी अडचण. चेन पुढे बाहेर आणि मागे आत, तिरकी दिसते. किती तिरकी चालते?

छर्रेवाला

अंदाज नको, मोजा. सीटची नळी २८ मिमी, फ्रेंच नळ्या तशाच असतात. तिचा निम्मा १४. नळीच्या कडेपासून चकतीच्या दात्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर त्यात मिळवा. सिंगल स्पीड हबची चेनलाइन, म्हणजे सायकलच्या मध्यापासून चेनपर्यंतचं अंतर, साधारण ४२ असते, म्हणजे ते अंतर २८ यायला हवं.

पडवीतली सायकल

३३ येतंय. म्हणजे ४७. पाच मिमी बाहेर. अ‍ॅक्सल १० मिमी आखूड घ्यावा लागेल का? दोन्हीकडून निम्मं निम्मं म्हणून विचारतोय.

छर्रेवाला

हिशोब बरोबर, पण पैसे खिशात ठेवा. क्रँकच्या फांद्यांच्या आतल्या बाजूला आतल्या चकतीची जागा आहे ना? ४२ची चकती तिथे लावा. साधारण पाच मिमीच आत येते. बोल्ट मात्र आखूड, एका चकतीचे घ्या.

पडवीतली सायकल

२८!! डोक्यात प्रकाश पडला. चेन वरून बघितली, दोरी धरल्यासारखी सरळ.

मागे १८ दात्यांचं लावलंय. पॅडलच्या एका फेरीत पाच मीटरला थोडी कमी जाते. तारकर्लीला मजेत. काल कोळंबच्या पुलावरून आचऱ्याकडे गेलो, चढाला उभं राहून मारावी लागली, पण उतरलो नाही. चौके-कुडाळ बाजूला जायचं झालं तर २०चं लावीन, गुडघे माझेच आहेत.

खाडीकाठ

पावसाआधी एक काम करा. सीटच्या नळीतून पाणी थेट बीबीच्या शेलमध्ये उतरतं. शेलला खालून भोक आहे का बघा, असेल तर चिखलाने बुजू देऊ नका. आमच्याकडे जांभ्याचा लाल चिखल सिमेंटसारखा बसतो. सीटपोस्टच्या तोंडाशी जुन्या ट्यूबची पट्टी ओढून घाला. ग्रीस होडीवाले वापरतात ते घ्या, खाऱ्या पाण्याला टिकतं. क्रँकचे बोल्ट पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळा. चौकोनी टोकावर क्रँक ढिला चालवला की त्याचं भोक गोल होतं, मग नवा क्रँक.

पडवीतली सायकल

बोल्ट आज सकाळी बघितले, डावा पाव फेरी आत गेला. बरं झालं सांगितलंत. शेलला खालून भोक आहे, त्यात गांधीलमाशीचं मातीचं घर होतं.

जुनी उजवी वाटी मेकॅनिकांनी मागून घेतली. दुकानात खिळ्याला टांगलीय.

घाटमाथा

जुनी पॅडलं नव्या क्रँकला लावली नाहीत ना? फ्रेंच पॅडलांचे आटे १४ × १.२५ असतात, आपल्याकडच्या क्रँकना ९/१६ इंच लागतात.

पडवीतली सायकल

लावणार होतो. आता नवीच घेतो.