नास्तिकता हाही एक धर्मच आहे का? (तिघांची चर्चा : पायवाट, कातळ आणि दस्तऐवज)

पायवाट : नास्तिक म्हणतात, आम्हाला धर्म नाही. पण लक्षणं तपासून बघा. 19व्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कॉन्तने देव वगळून ‘मानवतेचा धर्म’ काढला. त्यात देवळं होती, विधी होते, 28 दिवसांच्या 13 महिन्यांची दिनदर्शिका होती आणि संतांच्या जागी शास्त्रज्ञ, कवी होते. लंडनमध्ये 2009 साली ‘बहुधा देव नाही’ अशा जाहिराती बसवर झळकल्या. 2013 पासून तिथेच देवाशिवायच्या रविवारच्या सभा भरू लागल्या, सामूहिक गाण्यांसकट. संघटना आली, विधी आले, प्रचार आला. मग उरलं काय?

कातळ : ही संघटनेची लक्षणं झाली. ग्रंथालय चळवळीलाही ती लागू पडतील. आपल्याकडे तर देव आणि धर्म या दोन गोष्टी कधीच एक नव्हत्या. मनुस्मृती (2.11) ‘नास्तिको वेदनिन्दकः’ म्हणते, म्हणजे नास्तिक कोण, तर वेदांची निंदा करणारा. पूर्वमीमांसा हे दर्शन जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही, तरी वेद आणि त्यातला यज्ञाचा बारीकसारीक विधी तिला प्रमाण, म्हणून ती आस्तिक! देव न मानण्यातून ना विधी निघतो, ना ग्रंथ, ना आचारधर्म.

आता पटवण्याबद्दल. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते मंत्राने नारळ पेटवून दाखवतात. शेंडीत सोडियमचा मुगाएवढा तुकडा दडवलेला असतो. तो रॉकेलमधून काढून पुसून घ्यायचा, वर पाणी शिंपडायचं. सोडियमची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, त्याच उष्णतेने पेट घेतो. शेंडी ओली राहिली तर नारळ वेळेआधीच पेटतो, तुकडा मोठा झाला तर ठिणग्या डोळ्यांत जातात. मुख्य काम त्यानंतरचं : शेंडी उलगडून सगळं समजावून सांगायचं. यात विश्वास ठेवा असं कुणी म्हणत नाही. याला धर्मप्रसार कसं म्हणणार?

पायवाट : उदाहरण चुकलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली स्थापन केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देवाधर्माला विरोध नाही अशीच राहिली आहे. ते स्वतः नास्तिक होते, पण ती अट कार्यकर्त्यांवर नव्हती. नारळाची युक्ती उघड झाल्याने बुवा खोटा ठरतो, ईश्वर नाही. नास्तिकतेचाच प्रचार बघायचा तर सोव्हिएत रशियात बघा. तिथे 1925 साली ‘लढाऊ निरीश्वरवाद्यां’चा संघ उभा राहिला. शाखा, मुखपत्र, व्याख्याते, सणांविरुद्ध मोहिमा, सभासद लाखांनी. मिशनऱ्यांचा आराखडा याहून वेगळा नसतो.

कातळ : तिथली जबरदस्ती मला मान्य आहे, तिचं समर्थन करणार नाही. पण ती सत्तेची होती.

पायवाट : तलवारीच्या जोरावरच्या धर्मांतराबद्दलही श्रद्धाळू हेच म्हणतात. सूट द्यायची तर दोघांनाही द्या.

दस्तऐवज : कायद्यात याचं उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत 2005 साली एका कैद्याला तुरुंगात नास्तिकांचा अभ्यासगट हवा होता. तिथल्या अपील न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या संरक्षणापुरता नास्तिकतेला धर्माचा दर्जा दिला. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली उलट दिशेने तेच संरक्षण दिलं : मला कुठलाच धर्म नाही असं सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 25 मध्येच (धर्मस्वातंत्र्य) आहे, सरकारी अर्जावर धर्म लिहायची सक्ती करता येणार नाही.

पण अर्जातला धर्माचा रकाना कोरा सोडला म्हणून वैयक्तिक कायदा (लग्न, वारसा यांचा धर्मानुसार कायदा) सुटत नाही, इथे बरेचजण फसतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम 2 मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू नसलेल्यांना सहसा हिंदूंतच धरतं. 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस आणि 3 साक्षीदारांनिशी लग्न केलं, तरी वधू-वर दोघंही जन्माने हिंदू असतील तर 1976च्या दुरुस्तीमुळे वारसा सहसा हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच ठरतो.

कातळ : म्हणजे आपल्याकडे नास्तिक हा कायद्याने स्वतंत्र गट नाहीच. माझा मुद्दा तोच.

पायवाट : कायद्यापुरता मान्य. पण कलम 25 प्रसाराचाही हक्क देतं आणि 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असं ठरवलं. संरक्षण घ्यायचं असेल तर ही मर्यादा नास्तिक प्रचारकालाही लागू करायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.