मदत हवी: बीट, खजूर, पालक सगळं चालू आहे, तरी हिमोग्लोबिन हलत नाही

सायली_क
रोज सकाळी बिटाचा रस, चार खजूर, दिवसाआड पालक. सगळं नेमाने चालू आहे. तरी परवाचा रिपोर्ट पुन्हा 9.4. आणखी काय खायला द्यावं? लोहाच्या गोळ्या सुचवू नका, त्यांनी पोट बिघडतं. जरा लवकर सांगा.

मोकळा_श्वास
कोणाचं हिमोग्लोबिन? वय काय? पाळीत रक्त जास्त जातं का? एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) किती? नुसत्या 9.4 वरून काही सांगता येत नाही.

बिडाची_कढई
आधी बीट थांबवा. लाल रंगाला लोक भुलतात. 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. पाळीच्या वयातल्या बाईला आयसीएमआरने 2020 मध्ये सांगितलेली गरज दिवसाला 29 मिलिग्रॅम आहे. लोखंडी कढई काढा. चिंच किंवा आमसूल घातलेली आमटी तिच्यात 15-20 मिनिटं उकळू द्या, आंबटामुळे लोह सुटतं. शिजली की लगेच स्टीलच्या पातेल्यात ओता, नाहीतर काळी पडते आणि कडवट लागते. नॉनस्टिक किंवा हिंडालियममधून काही मिळत नाही.

नाचणी_सत्त्व
कढईतून रोज किती उतरेल याचा भरवसा नाही. नवी कढई जास्त सोडते, तेल मुरलेली कमी. त्यापेक्षा हळीव घ्या. दोन चमचे हळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवायचे, फुलून चिकट झाले की ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परतायचं, लाडू वळायचे. बहुतेक घरी दुधात खीर करतात तिथेच चुकतं, दुधातलं कॅल्शियम लोहाला अडवतं.

बिडाची_कढई
दोन चमचे हळीव म्हणजे जेमतेम 10 ग्रॅम. तेवढ्याने 9.4 चे 12 होणार नाहीत.

नाचणी_सत्त्व
कढईनेही होणार नाहीत. मुद्दा अंगी किती लागतं याचा आहे. पालकात लोह आहे, पण त्यातलं फार थोडं शरीर उचलतं. लाल माठ घ्या. मटकी-मुगाला मोड आणा, लोहाला धरून ठेवणारे फायटेट कमी होतात. वर लिंबू, पण गॅस बंद केल्यावर. उकळत्या भाजीत पिळलं तर क जीवनसत्त्व जातं.

रानफूल
केस गळत असतील तर कढीपत्ता ताटाच्या कडेला काढू नका. सावलीत वाळवून जवस-तिळाबरोबर चटणी करा.

मोकळा_श्वास
केसांचं कोणी विचारलेलं नाही. सायलीताई, माझे प्रश्न तसेच आहेत. चहा कधी घेतला जातो तेही सांगा.

सायली_क
आईचं आहे, सांगायचं राहिलं. वय 61, शाकाहारी. जेवण झालं की तिला चहा लागतोच. दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची गोळी असते. एमसीव्ही 71. फेरिटिन केलेलं नाही. बाकी गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची गोळी, बरीच वर्षं.

मोकळा_श्वास
मग प्रश्नच बदलला. पाळी थांबलेली आहे, म्हणजे दर महिन्याचं रक्त जात नाही. तरी पेशी लहान आणि हिमोग्लोबिन 9.4, तर रक्त आतून कुठे झिरपतंय का हे आधी बघायला हवं. दुखण्याच्या गोळ्यांनी जठराला जखमा होऊ शकतात आणि थेंब थेंब रक्त गेलं तर दुखतही नाही. ॲसिडिटीची गोळी जठरातलं आम्ल कमी करते, त्यामुळे अन्नातलं लोह आणखी कमी शोषलं जातं. फेरिटिन करा, पण ताप किंवा सूज असताना नको, आकडा फसवा वाढतो. शौचातून रक्त जातंय का याची तपासणी करा. काळपट, चिकट शौच होत असेल तर थांबू नका. कुठलीही गोळी स्वतः बंद न करता सगळ्या पाकिटांसह फिजिशियनला भेटा.

रानफूल
उगाच घाबरवू नका. इतक्या बायकांचं कमी असतं.

मोकळा_श्वास
पाळीच्या वयात असतं. 61 व्या वर्षी कारण शोधल्याशिवाय आहार वाढवत बसणं चूक आहे. फेरिटिन चांगलं आलं आणि एमसीव्ही तरी कमीच राहिलं, तर थॅलेसेमिया मायनरसाठी (हिमोग्लोबिनचा जन्मजात, सौम्य दोष) एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी रक्ततपासणी. त्यात लोह घालून उपयोग नसतो.

सायली_क
उद्याच घेऊन जाते. तोवर घरात काय बदलू?

नाचणी_सत्त्व
चहा जेवणाच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास नको. कॅल्शियमची गोळी लोहाच्या जेवणाबरोबर नको, वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. जेवणानंतर चहाऐवजी अर्धा पेरू. चावायला त्रास होत असेल तर आवळा किसून. सकाळी पोहे, वर लिंबू.

मोकळा_श्वास
आणि पोट बिघडतं म्हणून लोहाची गोळी कायमची बाद करू नका. गोळीतला लोहाचा प्रकार (क्षार) बदलून, मात्रा कमी करून किंवा दिवसाआड देता येते. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, म्हणून शौचाची तपासणी ती सुरू होण्याआधी झालेली बरी.

बिडाची_कढई
कढई घेणार असाल तर आंबट शिजवल्यावर धुऊन लगेच कोरडी करा, गॅसवर मिनिटभर तापवा, तेलाचं बोट फिरवा. ओली ठेवली की गंजते.