अनुभव धागा : खुबा बदलल्यानंतरचे गमतीचे दिवस

कोरांटी

दिवाळीच्या साफसफाईसाठी काल मुलाने माळ्यावरून एकेक वस्तू खाली द्यायला सुरुवात केली, तेव्हा पितळी परातीच्या मागून जुन्या चादरीत गुंडाळलेले एक गाठोडे निघाले आणि ते सोडताच मी एकटीच हसत सुटले. आत कमोडवर बसवायची प्लॅस्टिकची चार इंची उंच बैठक होती. सहा वर्षांपूर्वी माझा उजवा खुबा बदलला, त्यानंतरचे तीन महिने आमच्या घरात या आसनाइतका मान दुसऱ्या कोणालाही नव्हता.

डॉक्टरांनी घरी सोडताना तीनच नियम सांगितले होते : खुब्यात नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचे नाही. ऐकताना मला ते अगदी सोपे वाटले होते. घरी आल्यावर मात्र ध्यानात आले, की आपला सगळा संसार जमिनीलगत मांडलेला असतो. कांदेबटाट्यांची टोपली ओट्याखाली, डाळीचे डबे खालच्या फळीत, देव चौरंगावर, चपला दाराशी आणि सिलिंडरची कळ तर त्याहूनही खाली. यजमानांनी मुलाच्या कंपासपेटीतला गुण्या काढला आणि घरातल्या प्रत्येक खुर्चीवर मला बसवून मांडी आणि पोट यांमधला कोन मोजला. सोफा नापास, दिवाण नापास, वेताची खुर्ची सपशेल नापास. शेवटी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि तिच्यावर दोन उशा एवढी एकच जागा उत्तीर्ण झाली. भेटायला येणारे सगळे खाली सोफ्यात रुतून बसत आणि मी वीतभर उंचावरून त्यांची विचारपूस स्वीकारत असे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुला नमस्कार करून आहेर ठेवायचा, की नुसता चहा पिऊन निघायचे, हेच लोकांना कळत नाहीये."

दुखणे सगळ्यांचे सारखेच असते, म्हणून ते बाजूला ठेवून त्या दिवसांतली गंमत लिहावी, अशी विनंती.

टाकसाळ

मला सर्वात मोठा त्रास झाला तो "गुडघा कसा आहे?" या प्रश्नाचा. रक्तपुरवठा बंद पडून मांडीच्या हाडाचा गोळा खचला आणि बेचाळिसाव्या वर्षी माझा खुबा बदलावा लागला, परंतु आपल्याकडे शस्त्रक्रिया म्हटली की ती गुडघ्याचीच असते, असा लोकांचा ठाम समज आहे. एका सहकाऱ्याने खास गुडघ्याला चोळायचे तेल आणून दिले. दुसऱ्याने माझा चांगला गुडघा दाबून "इथे दुखते का?" असे विचारले, आणि त्याने इतक्या जोराने दाबला होता, की तिथे खरोखरच दुखले. पंधरा दिवसांनी मी हात टेकले आणि "गुडघा आता बरा आहे" असे सांगू लागलो.

निवडुंग

@टाकसाळ, आमच्या आत्याची अडचण याहून नाजूक होती. तिला 'हिप' हा शब्द चारचौघांत उच्चारायला लाज वाटत असे आणि 'खुबा' म्हटले तर फोनवर पलीकडच्या माणसाला 'खोबरे' ऐकू येई. त्यामुळे तिने सर्वांना "कंबरेच्या खाली आणि गुडघ्याच्या वर थोडे काम केले आहे" असे सांगितले. ही बातमी नात्यात फिरत फिरत जेव्हा आमच्याकडे परत आली, तेव्हा आत्याचे नेमके काय झाले आहे याविषयी जे तर्क चालू होते, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

रंधा

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे सुतारकाम केले. त्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कंबरेखालचा भाग बधिर केला होता आणि झोपेचे औषध अगदी हलके दिले होते, त्यामुळे त्यांना पडद्यापलीकडचे सगळे ऐकू येत होते. हाड कापण्याच्या आवाजाला त्यांनी हरकत घेतली नाही. कृत्रिम सांध्याचा दांडा हाडात बसवण्यासाठी हातोडीचे ठोके सुरू झाले, तेव्हा मात्र त्यांच्याने राहवले नाही आणि ते पडद्याआडून म्हणाले, "साहेब, ठोका तिरका बसतोय." क्षणभर शांतता पसरली. मग डॉक्टर म्हणाले, "काका, आता बसतोय का सरळ?" वडिलांनी दोन ठोके ऐकून घेतले आणि हुंकार दिला. त्यानंतर भूलतज्ज्ञांनी औषध वाढवले असावे, कारण पुढचे त्यांना काहीच आठवत नाही. आता ते गिऱ्हाइकांना एक्स-रे उजेडाकडे धरून दाखवतात आणि "खुंटी नीट बसवली आहे पोराने, पाचर मारायची गरज पडली नाही" असे प्रशस्तिपत्र देतात.

भोंगा

@रंधा, सुताराचे झाले, आता गिरणी कामगाराचे ऐका. आज सर्वत्र होणाऱ्या या शस्त्रक्रियेचा पाया इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी आधी सांध्याच्या वाटीसाठी, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो तिच्यासाठी, टेफ्लॉन वापरले होते, पण ते झिजून गेले आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. नंतर एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत नव्या, चिवट पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतील मागांची दातेरी चाके त्या प्लॅस्टिकची होऊ लागली होती. चार्नलींना प्रथम ते पसंत पडले नाही, परंतु त्यांच्या साहाय्यकाने यंत्रावर घासून पाहिले, तर ते झिजायलाच तयार होईना. नोव्हेंबर 1962 मध्ये त्याची वाटी पहिल्यांदा माणसाच्या खुब्यात बसली.

माझ्या वडिलांनी लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, तीस वर्षे काढली; गिरणीत मागाला साचा म्हणतात. मी त्यांना हा इतिहास वाचून दाखवला, तेव्हा वॉकर थांबवून ते म्हणाले, "म्हणजे आयुष्यभर मी साचा चालवला आणि आता साचा मला चालवतोय."

ओसरी

कुकर लावून घाईत लिहीत आहे. माझी आजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात घसरली आणि तिचा अर्धा सांधा, म्हणजे नुसता गोळा, बदलला. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवायची सक्ती होती. त्या उशीला ती 'सवत' म्हणत असे आणि रात्री "माझी सवत आणा गं" अशी हाक मारत असे. वाकायचे नाही म्हणून तिला लांब दांड्याचा चिमटा आणून दिला होता. पहिले दोन दिवस तिने त्याने पडलेला रुमाल उचलला. तिसऱ्या दिवशी तिने पलंगावरूनच पंख्याचे बटण दाबले, चौथ्या दिवशी मांजराला हुसकावले आणि आठवड्याच्या शेवटी अभ्यास न करणाऱ्या माझ्या भावाचा कान त्या चिमट्यात होता. तीन शिट्ट्या झाल्या, येते.

तिसरा मजला

आमच्या इमारतीला उद्‌वाहन नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवले, की जिना चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय टाकायचा. ते माझ्या लक्षात राहीना, म्हणून मी स्वतःच सूत्र बनवले : चढताना जावई पुढे, उतरताना सासरा पुढे. चांगला पाय जावई, दुखरा पाय सासरा. सूत्र उत्तम होते, पण एकदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजाऱ्यांनी क्रिकेटविषयी काहीतरी विचारले आणि माझा जावई कोणता, हेच मी विसरलो. मागे दूधवाला, त्याच्या मागे शाळेतून आलेली तीन मुले आणि पुढे मी, दोन्ही पाय जोडून, नातेसंबंध आठवत उभा. शेवटी त्यांतली सर्वात लहान मुलगी म्हणाली, "काका, जो दुखत नाही तो टाका ना!"

कोरांटी

@तिसरा मजला, मी हे वाचून इतकी हसले, की यजमान विचारपूस करायला आले.

त्यावरून आमच्याकडचा सत्यनारायण आठवला. मांडी घालता येत नव्हती, म्हणून मी खुर्चीवर बसणार होते. मात्र देवापेक्षा उंच बसायचे कसे, या प्रश्नावर सासूबाई आणि गुरुजी यांची अर्धा तास चर्चा झाली आणि अखेर चौरंग, कलश, केळीचे खांब यांसह देवच जेवणाच्या टेबलावर चढवला. आता देव वर, मी खुर्चीवर आणि गुरुजींना मात्र खाली बसून टेबलावरचे काहीच दिसेना, तेव्हा त्यांना पूर्ण पूजा उभ्याने सांगावी लागली. कथेचे पाचही अध्याय इतक्या वेगाने संपलेले आमच्या घराण्यात पूर्वी कोणी पाहिले नव्हते. साधुवाण्याची नौका कधी बुडाली आणि कधी वर आली, ते कळलेदेखील नाही.

उंबरठा

माझा सांधा सिरॅमिकचा आहे आणि तो वाजतो. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. सिरॅमिकवर सिरॅमिक फिरणाऱ्या काही सांध्यांतून करकर असा आवाज येतो आणि तपासणीत सर्व ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. परिणाम एवढाच, की रात्री फ्रिजमधल्या श्रीखंडाकडे गुपचूप जाण्याचे माझे दिवस संपले. स्वयंपाकघराच्या दारापाशी पोहोचण्यापूर्वीच आतून "उद्या साखर तपासायची आहे" असा आवाज येतो.

टाकसाळ

@उंबरठा, बिजागरीला घालतो तसे दोन थेंब खोबरेल घालून पाहावे, असे सुचवणार होतो, पण माझ्याकडे अजून ते गुडघ्याचे तेल पडून आहे. पत्ता कळवा.

पिंपळपान

सांध्याच्या सामानाचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. ब्रह्मदेशातील मंडाले येथे डॉ. सान बाव यांनी 1960 मध्ये 83 वर्षांच्या एका बौद्ध भिक्षुणीच्या मोडलेल्या खुब्यात हस्तिदंताचा सांधा बसवला होता आणि त्यानंतरही त्यांनी अनेक रुग्णांसाठी हस्तिदंतच वापरला. तिकडे चार्नली आपल्या रुग्णांना मृत्यूनंतर सांधा परत करण्याची विनंती करत असत, कारण तो किती झिजला हे त्यांना पाहायचे असे, आणि बहुतेक रुग्ण आनंदाने होकार देत. माझ्या आईला हे सांगितले, तर ती म्हणाली, "वाटीभर साखर नेऊन परत न करणारे लोक असतात, आणि ही माणसे खुबा परत करायची!"

रंधा

@पिंपळपान, वडिलांना वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे असे, की हस्तिदंत मिळाला असता, तर बसवण्याआधी त्यावर थोडी वेलबुट्टी कोरून दिली असती.

गुलबक्षी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून गमतीत थोडी शिस्त आणते. काठी नेहमी बदललेल्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. नियमही सर्वांना सारखे नसतात. चीर पुढून घेतली असेल, तर वाकण्याची बंधने बहुधा कमी असतात, म्हणून शेजारच्या काकूंचे नियम स्वतःला लावू नयेत. माझ्याकडे एक आजोबा दर मंगळवारी काठी घेऊन येत. एका मंगळवारी ते रिकाम्या हाताने रिक्षात बसून गेले आणि दहा मिनिटांनी घाबरेघुबरे होऊन परत आले. "काठी इथेच राहिली, तिच्याशिवाय मला पाऊल टाकता येत नाही," असे ते रिक्षा कोपऱ्यावर सोडून, तीस पावले झपाझप चालून आल्यावर मला सांगत होते.

सुपारी

मी येथे पहिल्यांदाच लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया आहे आणि गेली दोन रात्री झोप नव्हती, ती आज हे सगळे वाचताना कुठे हरवली होती याचा विसर पडला. एक व्यावहारिक प्रश्न आहे. कमोडवरची ती उंच बैठक विकतच घ्यावी लागते का?

कोरांटी

@सुपारी, मुळीच घेऊ नका. ठाण्याच्या आसपास राहत असाल, तर आमची घेऊन जा. स्वच्छ धुऊन उन्हात ठेवली आहे. निरोप पाठवा, म्हणजे रविवारी मुलाबरोबर गुण्याही देते. तुमचा सोफा पास होतो का, ते आधीच पाहून ठेवा.